शून्य

सांगलीच्या यार्डात सकाळी काटा रिकामा,
आणि आकडा उणे दोनशे ग्रॅम.
पोत्यामागे दोनशे. कुणाला कळतंय?
अथणीचा इराप्पा तर
बिडीबंडलाच्या कागदावर हिशेब मांडत बसलेला,
काट्याकडे पाठ करून.

शेठ काही बोलले नाहीत.
कालही बोलले नव्हते.
काल मी बटण दाबलं नव्हतं.

आज दाबलं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.
बोट हळदीनं पिवळं, बटण त्याहून पिवळं,
नवा ठसा कुठला दिसायला!

पी हळद नि हो गोरी, असं थोडंच असतं.
कालची एकशे चौदा पोती
मिरजेवरून केव्हाच पुढं गेली.

इराप्पा पोतं उचलत म्हणाला, "ठेवू काय?"
म्हटलं, "थांब.
आधी इकडं बघ."