कापसाची खोली

दिवाळीनंतर समोरची खोली कापसानं भरली,
खिडकीच्या गजांपर्यंत,
आणि मोठेबाबा म्हणाले, आठ हजार झाल्याशिवाय
बोंडभर विकत नाही.

मी आत जाऊन टाळी वाजवून पाहिली.
टाळी तिथल्या तिथे मेली.
नागपुरात तासाला सहाशे रुपये देऊन
ज्या काचेच्या खोलीत गायले होते
तिथंही एवढी शांतता नव्हती.

मग ढीग गुडघाभर कोरला, स्टूल ठेवलं,
स्टुलावर माइक, माइकपुढे
चहाच्या गाळणीवर ताणलेला जुना मोजा.
लॅपटॉप दाराबाहेर, त्याचा पंखा घुरघुरतो म्हणून.
वायर उंबऱ्यावरून.

हा अल्बम. नऊ गाणी.
अजून कुणी मागितलेली नाहीत.

दिवसा जमत नाही. दिवसा पिठाची चक्की,
बिटकुल्यांचा कोंबडा, ज्याला वेळ कळत नाही,
आणि सेतू केंद्रात माझे साडेनऊ ते पाच,
उत्पन्नाचे दाखले, न उमटणारे अंगठे.
रात्री थ्री फेज येते.
अर्धं गाव हरभऱ्याच्या ओलिताला शेतात जातं
आणि मी गाते.

पण लाइन आली की डीपीही गाते.
घरामागं, खांबावर,
एकच सूर, श्वास न घेता.
तीन रात्री मी तो पुसत बसले.
तो गेला की माझ्या आवाजाचं बूडही जायचं.
चौथ्या रात्री पेटी काढली आणि शोधला:
पांढरी पाचच्या जरा वर, काळी चारच्या खाली,
जिथं पेटीला पट्टीच नाही अशा फटीत.
गिटारच्या तारा त्या फटीत ओढल्या.
पाचवं, सहावं, सातवं गाणं
आता लाइनीच्या षड्जात आहे.

आई दाराशी येते, कानांना स्कार्फ बांधून.
"तुयं आंग खाजोते, तरी तिथीच जाऊन बसतं.
काय गातं वं एवढं?"
मी हेडफोन तिच्या स्कार्फवरूनच लावते.
ती बराच वेळ ऐकते. मग विचारते,
"मांगं कोन खोकललं?"
मीच. तंतू गेला होता घशात,
दुसऱ्या कडव्याआधी.
ते तसंच ठेवलं.

सकाळी मोठेबाबा मोबाइलवर भाव पाहतात
आणि मी त्यांचा चेहरा पाहते.
सात हजार दोनशे. सात हजार साडेतीनशे.
कुणाला सांगू नये असं मनात येतं:
अजून पंधरा दिवस पडून राहू दे बाजार.
लगेच जीभ चावते.
त्याच भावात माझ्या चुलतबहिणीचं नर्सिंग आहे.

मंगळवारी टेम्पो आला.
आठ झाले नव्हते.
"उंदरायनं पिल्ले घातले आत," मोठेबाबा म्हणाले,
"पुरे आता."
मी धावत जाऊन माइक खुंटीला टांगला,
स्टूल उचललं, केंद्रावर पळाले.
रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं.

संध्याकाळी खोली पुन्हा खोली झाली होती.
निळा चुना, कोपऱ्यात चार सरक्या,
आईचा गेल्या वर्षीचा हरवलेला सांडशीचा जोड.
मी टाळी वाजवली.
तीन टाळ्या परत आल्या.

नववं गाणं अजून व्हायचं होतं.

रात्री फाइल उघडली. दीड तास.
गाठोडी बांधल्याची घसट, कुणाचं तरी शिंकणं,
टेम्पोवाल्याचा फोन,
आणि काट्यापाशी झिबलकाकाचा आवाज,
एक न म्हणता, मापारी म्हणतात तसं:
लाभ...
दोन...
तीन...
सुरुवातीला अगदी जवळ, कोरडा,
कानात सांगितल्यासारखा.
बारा-तेरानंतर त्याला कडा फुटू लागल्या.
अठ्ठावीसला तो देवळात उभा राहून मोजत होता.
खोली रिकामी होत गेल्याचं
इतकं स्पष्ट मी डोळ्यांनीही पाहिलं नसतं.

मागं फिरून पुन्हा पहिल्यापासून लावलं.
उघड्या फरशीवर बसले, गिटार मांडीवर,
अंग अजून खाजत होतं.
त्यानं लाभ म्हटलं,
मी पहिली तार छेडली.