नाव न सांगण्याच्या अटीवर

जशुभाई क्लबच्या जर्सी धुतात.
सोमवारच्या गाठोड्यात अकरा नंबर नव्हता.
रावपुऱ्यात सेव-उसळीत पाव बुडवत
ते एवढंच म्हणाले,
आणि कांदा जास्त मागितला.

एवढ्यावर मी घरी आलो
आणि लिहिलं, 'क्लबच्या निकटवर्तीयाने
नाव न सांगण्याच्या अटीवर…'
अट जशुभाईंनी घातली नव्हती.
त्यांचं नाव आजवर विचारलंय कुणी?

खासगीवाले फोनवर म्हणाले, एकच सूत्र?
दुसरं बघ.
मी खाली उतरून पानवाल्याला विचारलं,
अकरा नंबर क्लब सोडतोय का रे?
तो म्हणाला, सोडत असणार,
तुम्ही विचारताय म्हणजे.
झाली दोन.

रात्री साडेबाराला बातमी चढली.
सकाळपर्यंत तिला गोवा फुटला होता,
दुपारी रक्कम आली,
संध्याकाळी सुरतेच्या कुणा पोराने
विमानाची वेळसुद्धा दिली,
वर 'आमच्या सूत्रांनीही दुजोरा दिला आहे.'
ते वाचून, शपथेवर सांगतो,
माझाच माझ्या बातमीवर
जरा जास्त विश्वास बसला.

विश्वामित्रीच्या पुलावर माणसं थांबतात, तसं हे.
पाण्यावर दोन डोळे. बाकी सगळं गढूळ.
एक म्हणतो आठ फूट, दुसरा बारा,
स्कूटरवरून न उतरताच एक बाई सांगते,
पिल्लंही आहेत.
मगर असते, नाही असं नाही.
बहुतेक वेळा असते.
कधी टायर असतो.

बुधवारी अनोळखी नंबरवरून फोन.
"दादा, मी मनहर राठवा. अकरा नंबर."
आवाज इतका कोवळा
की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.
"आई विचारतेय, गोव्यात थंडी असते का?
मला अजून कुणी काही बोललं नाही.
तुम्हाला नक्की माहीत असेल."

मागे कुकरची शिट्टी झाली.
मी विचारलं, तुझी जर्सी कुठाय?
"ती? घरी आणलीय. बाही उसवली होती.
आई शिवणार आहे,
त्या रंगाचा दोरा मिळत नाहीये."

खासगीवाल्यांना लगेच खुलासा पाठवला, चार ओळींचा.
त्यांचा फोन आला. कोण म्हणतं?
मी म्हणालो, तो स्वतः.
"नावानिशी?"
पलीकडे ते बराच वेळ चहा ओतत राहिले.
"मग थांबू या जरा," ते म्हणाले,
"एकाच माणसाचं म्हणणं आहे."