पस्तीवाल्याला न दिलेलं

दर बुधवारी कारेलीबागेत पस्तीवाला येतो.
खांद्यावर काटा, आणि तोच प्रश्न:
"कंई आपवानुं छे, बेन?"
मी म्हणते, नथी.
त्याला ते खरं वाटत नाही.

नवरात्र उठली की विमुबेन त्यांचा गरबा आणून देतात,
भोकाभोकांचं मडकं, आत दिव्याची काजळी तशीच.
मी तळाशी नारळाच्या शेंड्या दाबते,
वर माती, शेणखत,
आणि एकेका भोकात पुदिन्याची एकेक काडी खोचते.
मार्गशीर्षात मडकं दिसेनासं होतं.
नुसता हिरवा गोळा, चटणीच्या वासाचा.

उत्तरायणानंतर गच्चीभर मांजाचे गुंते.
त्यांचं काही होत नाही.
बाटलीत कोंबून बूच घट्ट लावते,
कबुतराचा पाय पाहिलाय मी.
पतंगांच्या कामट्या मात्र ठेवते,
टोमॅटोला तेवढाच टेकू.

श्रीखंडाच्या डब्यात रोपं सगळेच लावतात.
त्यात काय सांगायचं.

छत्री यांची.
कापड विरून गेलं, काड्या राहिल्या आठ,
गंजलेल्या, पण अजून उघडणाऱ्या.
दांडा मातीत रोवला आणि पापडीचा वेल चढवला.
दीड महिन्यात छत्री पुन्हा भरली,
जांभळ्या फुलांची,
खाली उभं राहिलं तर भिजायला होईल अशी.

मग वानरं आली, कमाटीबागेकडून.
शेंग सोलायची, दाणा खायचा, साल माझ्या अंगणात.
मुलगा फोनवर म्हणाला, सीडी टांग, चकाकतं काहीतरी.
सीडी कुठल्या आता.
कपाटात तपकिरी लिफाफा होता.
तीन एक्स-रे. गुडघे दोन, छाती एक.
गुडघे लगेच टांगले.
छातीला चार दिवस लागले.

भोक पाडायला गेले तर कोपऱ्यात नाव:
अच्युत पारसनीस, वय ७१.
नाव तेवढं वाचवून सुतळी ओवली.

सकाळी ऊन मागून येतं.
फुप्फुसं काळी, बरगड्या धूसर,
आणि डॉक्टरांनी पेनचं टोक टेकवलं होतं
तो डाग
सगळ्यात स्वच्छ.
तिथून पलीकडचं फूल दिसतं.

वाऱ्यावर थडथड वाजतो.
वानरं दोन दिवस बिचकली.
तिसऱ्या दिवशी एक पिल्लू आलं,
कडेला चाटून बघितलं,
आणि त्याच्याच सावलीत बसून शेंगा सोलू लागलं.
मी हाकललं नाही.
हेही हाकलत नसत.

या बुधवारी पस्तीवाला फाटकाशी थांबला, मान वाकडी करून.
"आमां चांदी होय, बेन. सारो भाव आपीश."
असेल चांदी.
मी त्याला ओंजळभर पापडी दिली.
त्याने ती काट्यात टाकून बघितली,
सवयीने.