उचलून लाव

आमच्या घरात "सावकाश जा" कुणी म्हणत नसे.
बाहेर पडणाऱ्याच्या पाठीवर
एकच वाक्य यायचं: उचलून लाव.

धायरीच्या गल्लीतलं आमचं फाटक
कडीच्या बाजूनं दोन इंच खाली आलेलं.
अंगणातल्या शहाबादीवर त्यानं
पाव वर्तुळ कोरलं होतं, पांढरं,
नख अडकेल इतकं खोल.
बाबा लुना आत घेताना ते गुडघ्यानं उचलत,
दूधवाला चपलेच्या टोकानं,
मी दप्तर सावरत, कमरेनं.

गेल्या उन्हाळ्यात ठरवलं: नवं करायचं, आणि आपणच.
भवानी पेठेतून जुन्या चौकटींचं सागवान आणलं.
टेम्पोवाल्यानं स्वारगेटच्या सिग्नलला विचारलं,
"पलंग का, मॅडम?"

कूस कापली. पटाशीनं भोकं पाडली,
दोनदा अंगठाही.
चौथ्या दिवशी चौकट गुण्यात बसली
आणि मी तिरकी पट्टी ठोकली,
वरच्या बिजागरीपासून खाली कडीच्या कोपऱ्यात.
दिसत होती मोठी झोकदार.

शेजारच्या साइटवर दारं बसवायला आलेले
शिवलिंग पांचाळ, उदगीरकडचे,
कपातला चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "बाई, ही दोरी हाय का लाकूड?"

मी पाहत राहिले.

"दोरी ओढून धरती. लाकूड रेटून धरतं.
ह्याचा पाय खाली द्या, खांबाकडं.
डोकं वर, कडीकडं.
ओझं चालत खांबाच्या बुडाशी गेलं पाहिजे,
असं हवेत नाही ठेवायचं."

पट्टी काढली, फिरवली,
दोन्ही टोकांना खाच पाडून घट्ट बसवली.
तेवढ्यात ते खांबाकडे वळले होते,
त्याला खांद्यानं हलवून बघत.
"फाटक कुठं लोंबतंय?
लोंबतो हा. नाव फाटकाचं होतं."

मग अडीच फूट खड्डा.
दीड फुटावर मुरूम, पहार खणखणते.
ओळंबा धरून संध्याकाळ झाली.
पैसे विचारले तर म्हणाले, चहा झाला की.

पावसाळा गेला.
लाकूड फुगलं, तेवढी जागा ठेवलीच होती.
खाली शहाबादीवर जुनं पाव वर्तुळ तसंच आहे,
नवं फाटक त्याच्यावरून
दोन बोटं अंतर राखून जातं.

काल उशिरा आले. दोन्ही हातांत पिशव्या.
कडी कोपरानं सारली
आणि गुडघा आपसूक वर गेला,
उचलायला.

फाटक केव्हाच उघडलं होतं.
मी एका पायावर उभी.