समाधान : एक ते पाच

समाधान म्हटलं की मला आधी घोलप आठवतो,
कराड डेपोतला समाधान घोलप,
जन्मभर कुरकुरला
पगारावर, ग्रीसवर, डब्यातल्या दोडक्यावर.

रीमला हे कसं सांगू?
ती फॉर्म घेऊन समोर बसलीय.
सूर गावातला हा प्लँट,
समुद्राचं मीठ काढून पाणी पाजणारा,
त्यात पंचावन्नच्या वरची आम्ही सातच माणसं.
एक ते पाच, आवडेल त्या आकड्याला गोल करा.
'पूर्वानुभव'पुढे एकच ओळ,
तीही आखूड.

त्यात काय बसवू?
आयटीआय, फिटर, एकदा नापास.
अकरा वर्षं एसटीच्या पोटाखाली उताणा.
मग साखर कारखान्याचे चार हंगाम,
मळीचा वास सासुरवाडीपर्यंत जायचा.
मग एजंट, मस्कत, मग इथे.

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकायचं,
मूठ कानामागच्या हाडाला.
हे डेपोतल्या इनामदार मिस्त्रींनी शिकवलं,
कानाखाली वाजवून.
आता इथे सेन्सर आहेत, हिरवे दिवे आहेत,
तरी रात्री दोनला बिमल फोन करतो :
"अंकल, तीन नंबर जरा ऐका ना."
बघा म्हणत नाही. ऐका म्हणतो.

शेजारी खमीस. तो जाळ्यांवर असतो,
जिथून समुद्र आत घेतात तिथे.
वारा फिरला की म्हणतो, परवा जेलीफिश येतील,
आणि येतात, बादल्या बादल्या.
त्याला लिहिता येत नाही, रीमच भरते.
"पूर्वी मच्छीमार होतात ना?"
"आहे," खमीस म्हणतो.
ती पेन उचलून थांबते.
फॉर्मात 'आहे'ला जागा नाही.

मी तीनला गोल केला.
मग खोडून चारला.
रीम म्हणाली, पेन्सिलीने करायचं होतं.

मार्चमध्ये मला साठ. व्हिसाचं बघू म्हणतात,
बघू म्हणजे काय ते मला कळतं.
बायको म्हणते, या,
पण दुपारी माझी मालिका असते,
तेव्हा ठोकाठोकी चालायची नाही.
काल तक्रार तिचीच : घरची मोटर खरखरतेय,
वायरमन म्हणतो नवी घ्या.
म्हटलं, फोन मोटरीला लाव.
लावला. तिच्या बांगड्या, कुठलंसं कुत्रं,
आणि मागे ते, घासणारं.
"कळलं का काही?"
बोलू नकोस, म्हटलं,
अजून जरा जवळ धर.