सुपातला

आधी नावाचं सांगतो.
दोन पोरं गेल्यावर तिसऱ्याला आईने सुपात घातलं,
शेजारणीला विकलं, चार आण्यांत परत घेतलं,
म्हणून सुपडू.
आडनाव अडकमोल.
"नावमाच भाव लिखेल शे भो," म्हणायचा,
"घासाघीस नको."

अमळनेरच्या गिरणीत पिंजण खात्यात होता.
पाळी सुटली की भुवया, पापण्या, मिशा
कापसाने पांढऱ्याधोप.
गेटवरच्या वॉचमनला विचारायचा,
"आते तरी गोरा दिसस का मी?"
वॉचमन हसायचा नाही.
त्याला नोकरी होती.

रात्री तमाशात सोंगाड्या,
तिथून कुणीतरी उचलला, मुंबईला नेला.
टीव्हीच्या मेकअपवाल्याने तोंडावर तीन थर दिले.
चौथ्याला हा म्हणाला, "दादा, पोपडे निघतील,
भिंत ओली आहे अजून."
साहेब म्हणाले, नाव बदला, सुधीरकुमार बरं वाटेल.
"एकदा विकलोय साहेब.
दर वेळी सोडवायला आई कुठून आणू?"

मग खांद्यावर फडकं, हातात ट्रे.
"आलो मालक."
एका भागात अकरा वेळा. मी मोजलंय.
माझं दुकान स्टेशन रोडला, रेडिओ-टीव्ही रिपेअर.
टॉवर नवीनच झाला होता.
दुरुस्तीला आलेला सेट मी फळीवर ठेवायचो
आणि रस्ता भरून जायचा.
मागून गढीवरचे आबासाहेब ओरडले,
"ब्राइटनेस वाढव रे, गड्याचं तोंड दिसत नाही."
वाढवला.
मालकाची भिंत पांढरीफटक झाली,
मालक भिंतीत गेला.
सुपडू होता तिथेच.

बाराव्या भागात त्याने ट्रे टेबलावर ठेवला
आणि मालकाच्या खुर्चीत बसला.
हे लिहिलेलं नसणार,
कारण मालक झालेला नट वाक्य विसरला.
सुपडूने कप उचलला, सरळ आमच्याकडे बघितलं.
"जातीतले रडतात, सुपातले हसतात."
थांबला.
"चुकलं. जात्यातले."
आणि चहा प्यायला, बशीत ओतून,
फुर्रकन.

रस्त्यावर कोणी खोकलंसुद्धा नाही.
मग वखारीच्या भिंतीला मोळी टेकवून उभी असलेली
एक बाई हसली, आणि फुटलाच रस्ता.
आबासाहेब कधी गेले कळलं नाही.
मी हसलो नाही.
मी अँटेना धरून होतो.

त्यानंतर मंगळवारचा अर्धा तास त्याचा स्वतःचा.
आईचं नऊवारी नेसून कौतिक मावशी व्हायचा.
मावशी बँकेत जायची, कोर्टात जायची, लग्नात जायची,
आणि सगळीकडे एकच मागायची:
"पानी दे रे भो."
प्रत्येकाकडे कारण असायचं, प्रत्येकाचं वेगळं,
आणि फार सभ्य.
हसून झालं की आपलाच घसा कोरडा पडलेला असायचा.
भाषा अशुद्ध आहे, अशी पत्रं आली.
मावशीने ती वाचून दाखवली,
शुद्ध, कोर्टातल्या कारकुनासारखी.
पुढच्या मंगळवारी
केळीवरच्या करप्याची माहिती लागली.

टेपा महाग होत्या तेव्हा.
पुसून वापरायचे.
म्हणजे तो आहे,
कुठल्यातरी भजनाखाली.

परत आला तो छातीत कापूस घेऊनच.
बोरीकाठच्या खोलीतून दुकानापर्यंत यायला
त्याला दोन ठिकाणी बसावं लागायचं.
कार्यक्रम संपल्यावर म्हणायचा,
"बंद नको करू. मुंग्या दाखाड."
बघत राहायचा.
"काळ्या जास्ती का पांढऱ्या?"
"मोजल्या नाहीत, सुपडूभाऊ."
"मोज ना. आते मालक थोडाच शे समोर."

पेपरात दोन ओळी आल्या.
नाव सुधाकर छापलं होतं.
बायकोने विचारलं, दुरुस्ती पाठवायची का.
चार आण्यांचं नाणंही चालत नव्हतं तेव्हा.

शटर ओढताना एक जुना सेट
अजून मिनिटभर लावतो.
स्टेशन लागत नाही.
लावायचं पण नसतं.