बाविसावा जोड

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
मी माणसांचे जोड लावते.
तेवीस.
दुकानात मांडतात तसेच, मोठ्या मापापासून उतरत,
एकविसावा-बाविसावा अगदी लहान मुलांच्या पायांचे.
शेवटचा बाईचा असेल तर सारखा,
पुरुषाचा एक मोठा, एक आखूड,
तरी त्याला जोडच म्हणायचं.

हिचा नमुना मंगळवारी आला.
हिरव्या झाकणाची नळी. चिठ्ठीवर
इंदुमती व्हटकर, एकेचाळीस, सुभाषनगर.
प्लीहा वाढलेली.
पांढऱ्या पेशी एक लाख ऐंशी हजार.
नळी कोमट लागली,
की माझाच हात गार होता.

पेशींना एक रात्र वाढू दिलं.
मग ऐन दुभंगताना त्यांना अडवायचं असतं.
त्यासाठी जो थेंब घालते त्यातलं विष
राधानगरीच्या वाटेला कुंपणावर चढणाऱ्या
कळलावीच्या कंदातही असतं.
दारात लावू नये म्हणतात, घरात भांडणं होतात.
इथे तिच्या थेंबाने
सगळं जिथल्या तिथे गप्प होतं.

काच. वाफ. जांभळा रंग.
भिंगाखाली पट्ट्यापट्ट्यांचे, वाकडे, एकमेकांवर पडलेले,
लग्नाच्या हॉलबाहेर काढलेल्या चपलांसारखे.
एकेक उचलून लावत गेले.
पहिला जुळला. पाचवा. आठवा.
नवव्यातला एक जरा लांब.
ताणला असेल म्हटलं.
बाविसाव्यातला एक आखूड,
टाच कापून नेल्यासारखा.

तो तुकडा नवव्याच्या टोकाला होता.
आणि नवव्याचं चिमूटभर इकडे.
हरवलं काहीच नव्हतं.
शिवण तेवढी भलत्या जागी बसली,
दोन अर्धी वाक्यं एकमेकांना चिकटली
आणि त्यांचं एकच झालं:
वाढ.
उद्यमनगरात एकदा भोंगा अडकला होता,
पाळी सुटून गेली तरी बोंबलत राहिला,
तसं.

रिपोर्ट न्यायला ती स्वतःच आली.
आरीने टोचलेले अंगठे,
वेणी घालून घालून वाकलेली तर्जनी.
फोटो खिडकीकडे धरला
आणि मी काही दाखवायच्या आत
नख बाविसाव्यावर ठेवलं.
"ह्यो जोड न्हाई."

मी डॉक्टर नाही. बोलायची मला परवानगी नाही.
म्हटलं, मावशी, याला एका गावाचं नाव आहे.
"कापशी? कुरुंदवाडी?"
नाही. फिलाडेल्फिया.
तिने ते तोंडात घोळवून पाहिलं, सोडून दिलं.
"कुणी चुकवलं?"
कुणी नाही. एका पेशीत, एका रात्री, आपोआप.
"माझ्या लेकीला?"
नाही. हे तुमच्या मज्जेत घडलं,
तुमच्या आईकडून आलं नाही, लेकीकडे जाणार नाही.
एवढं ऐकून ती बाकावर बसली
आणि पाणी मागितलं.

मग विचारलं, "शिवण उसवता येती का?"
गोळी शिवण उसवत नाही.
गोळी भोंग्याचा आवाज बंद करते.
रोज एक. जेवण झाल्यावर. चुकवायची नाही.
"आवाज बंद झाला तर
बाकीची माणसं कामाला लागतील," ती म्हणाली,
मला नव्हे, फोटोला.

तेव्हा वीसपैकी वीस पेशी तसल्या होत्या.
सहा महिन्यांनी सात.
आज पुन्हा मंगळवार.
एकोणीस मोजल्या, एकोणीस जुळल्या,
बाविसावा दर वेळी दोन्ही पायांचा सारखा.
विसावी काचेच्या कडेला आहे,
अजून भिंगाखाली घेतलेली नाही.
खाली जिन्याशी
कुणीतरी चपला काढतंय,
नीट, एकाशेजारी एक.